लिहिणाऱ्यांना बसायला जागा हवी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मागे आपल्या वाचकांच्या पत्रांत एका सद्गृहस्थांचं पत्र आलं होतं. त्यांचं म्हणणं असं की लेखन हे एकट्यानं करायचं काम आहे, हल्ली गावोगावी लेखक-कवींचे जे गट निघालेत ती म्हणजे एकमेकांना वाहवा करायची सोय, खऱ्या लेखकाला असल्या सोबतीची काही गरज नसते. पत्र वाचलं आणि काही केल्या डोक्यातनं जाईना म्हणून हे लिहायला बसले. त्यांच्यावर राग अजिबात नाही, त्यांनी कुठंतरी तसं बघितलं असेल म्हणूनच लिहिलं असेल, पण त्यांचं म्हणणं मला पटत नाही आणि का पटत नाही ते आपल्या सोलापुरातल्याच गोष्टी सांगून सांगावं असं वाटतंय. पत्र लांबलंय. जागा नसेल तर मधलं कापा, शेवटची मागणी तेवढी कापू नका.

मी पूर्व भागातली. घरी तेलुगू, शाळा मराठी. अम्मा विड्या वळायची, वडील मागावर होते. आमच्याकडं सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायका दिवसभर पानं कापता कापता, तंबाखू भरता भरता जे बोलायच्या ते ऐकतच मी मोठी झाले, कुणाची सासू कशी, कुणाचा नवरा गुजरातला सुरतला कामाला गेला तो परत आलाच नाही, कुणाच्या विड्या कारखान्यात छाटात काढल्या, म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकल्या, आणि मजुरी गेली. ते सगळं डोक्यात साठत गेलं आणि पुढं पतसंस्थेत नोकरी लागल्यावर, लग्न, मुलं सगळं झाल्यावर, जुन्या हिशोबाच्या वह्यांच्या मागच्या पानांवर मी मराठीत गोष्टी लिहायला लागले. दाखवायचं कुणाला हा प्रश्न होता. घरच्यांना दाखवलं की ते म्हणायचे छान आहे, ऑफिसमध्ये दाखवलं की मॅडम मस्त. त्यांचं प्रेम होतं त्यात, मी नाही म्हणत नाही, पण छान आणि मस्त या दोन शब्दांवर पुढचं पान लिहिता येत नाही. गोष्ट कुठं लंगडते, कुठं वाचणारा सुटतो, हे फक्त तोच सांगू शकतो जो स्वतः रात्री जागून अशीच एखादी गोष्ट पुरी करायच्या मागं लागलेला असतो.

अशी माणसं मला भेटली ती एका पुस्तक प्रदर्शनाबाहेर चहाच्या गाडीवर. आत भाषणं चालू होती आणि आम्ही चौघं-पाचजण बाहेर उभे राहून बोलत होतो, काय लिहितो, कुठं पाठवतो, उत्तर येतं का. भाषणं संपली, हॉल रिकामा झाला, गाडीवाल्यानं स्टोव्ह बंद केला तरी आमचं बोलणं काही संपेना, मग कुणीतरी म्हणालं रविवारी बसू या का. तेव्हापासून रविवारी सकाळी बसतो. जागा बदलत राहिली, कधी कंबर तलावाच्या बागेत, कधी एका शाळेच्या व्हरांड्यात, एका टेलरच्या दुकानाच्या माळ्यावर, आता बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरी. आमच्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर काका आहेत, एक गिरणीतून बाहेर पडलेले आजोबा, एक शिक्षिका जिच्या घरी कन्नड बोलतात, एक उर्दू शाळेत शिकलेली कॉलेजची मुलगी, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा एक पोरगा, आणि अजून येऊन-जाऊन असणारे. सोलापुरात कुठल्याही गल्लीत चार भाषा कानावर पडतात तसंच आमच्या बैठकीत. पण लिहितात सगळे मराठीत.

आता वाहवा करायची सोय म्हणजे नक्की काय चालतं ते सांगते. ज्याची पाळी असेल त्यानं झेरॉक्स काढून आणायच्या, प्रत्येकाला एक. मग लिहिणाऱ्यानं स्वतः वाचायचं नाही, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं. हे फार महत्त्वाचं आहे. आपण आपलं वाचतो तेव्हा जे कागदावर नाही ते आवाजानं भरून काढतो, कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा आपल्याला ठाऊक असतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं व्वा. दुसरा वाचायला लागला की जिथं त्याची जीभ अडते तिथं वाक्य अडलंय हे लगेच कळतं, सांगावंसुद्धा लागत नाही. वाचून झालं की लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं, सगळ्यांचं बोलून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, मला असं म्हणायचं होतं तसं म्हणायचं होतं हे सांगायचं नाही, कारण मासिकात छापून आल्यावर प्रत्येक वाचकाच्या घरी जाऊन आपण ते सांगणार आहोत का? आणि नुसतं छान म्हणणं चालत नाही. कुठलं वाक्य छान, का छान, ते बोट ठेवून दाखवायचं.

टॉवेल कारखान्यातल्या त्या पोरानं एकदा गोष्ट आणली होती, गिरणी बंद पडल्यावर आजोबा रोज भोंग्याच्या वेळेला उठून बसतो आणि रडतो अशी. भाषा सुंदर होती, आम्हा बऱ्याच जणांना आवडली. गिरणीतले आजोबा मात्र गप्प होते, त्यांची पाळी आल्यावर म्हणाले, "बाळा, गिरणी बंद पडल्यावर आम्ही रडलो नाही. प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदांसाठी हेलपाटे घातले. एका सहीसाठी चपला झिजवल्या. रडायला टाइम कुठं होता? ते लिही की." पोरगा त्या दिवशी काहीच बोलला नाही. नंतर आजोबांच्या घरी जाऊन त्यानं त्यांची ती जुनी पिशवी बघितली, त्यात पे-स्लिपा होत्या, युनियनची पावती होती, अर्जाच्या कार्बन कॉपी होत्या. गोष्ट नव्यानं लिहिली, त्यात भोंगाच नव्हता, पिशवी होती. ती गोष्ट वाचताना आमच्यातल्या कुणाला मान वर करावीशी वाटली नाही. आता मला सांगा, तो पोरगा एकटा खोलीत बसून कितीही वर्षं लिहीत राहिला असता तरी ती पिशवी त्याला कुठून सापडली असती?

माझंही सांगते. माझ्या गोष्टीतल्या विडी वळणाऱ्या बायका शाळेच्या पुस्तकातल्यासारख्या बोलायच्या, कारण मराठीत लिहायचं म्हणजे तसंच लिहायचं असतं असं शाळेपासून मनात बसलेलं. शिक्षिका बाई म्हणाल्या, "अक्का, तुमच्या घरी बायका अशा बोलत नाहीत की. जशा बोलतात तशा बोलू द्या ना त्यांना." मग मी मधे मधे तेलुगू येऊ दिलं, आमच्या भागात मराठी जशी वळते तशी वळू दिली. आधी भीती वाटली की पुण्या-मुंबईच्या संपादकांना हे कळणार नाही. तेव्हा काकांनी डॉ. लक्ष्मीनारायण बोल्लींची आठवण काढली, तेलुगू घरातनं येऊन ते मराठीत कवी म्हणून उभे राहिले, याच सोलापुरात. असं कुणीतरी आपल्या आधी चालून गेलंय हे कळणंसुद्धा मोठा आधार असतो, आणि ते कळतं बैठकीत, एकट्याला कोण सांगणार?

बरं, आमच्यात एक बाई येतात कुंभारीहून, गोदूताई परुळेकर विडी घरकुलातून, १०,००० घरांची ती वसाहत आपल्याला माहीतच आहे. त्यांना लिहिता येत नाही. पण गाणी जुळवतात, विड्या वळताना जुळवतात, अर्धं तेलुगू अर्धं मराठी, आणि एकदा जुळवलेलं कधी विसरत नाहीत. त्या म्हणतात आणि कॉलेजची ती उर्दू शाळेतली मुलगी मराठीत लिहून घेते, अडलं तर तेलुगू शब्दाचा अर्थ मी सांगते. मग पुन्हा वाचून दाखवायचं, बाई म्हणणार, "हे मी असं नाही म्हटलं, खोड." मुलगी खोडते. ते काम बघताना मला दर वेळी आपल्या जिल्ह्यातले संत आठवतात.

सद्गृहस्थांना मला हेच विचारायचंय, की आपल्या भागात एकट्यानं लिहायची परंपरा आली कुठून? सावता महाराजांचं अरण माढा तालुक्यात, चोखोबांचं मंगळवेढं, नामदेवांची कर्मभूमी पंढरपूर, हे सगळं आपल्याच जिल्ह्यात. जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे त्यात कुणाचे अभंग कुणी लिहून घेतले ते सांगितलंय. निवृत्तिनाथांचं सोपानदेवांनी लिहिलं, मुक्ताईचं ज्ञानदेवांनी, सावता माळ्याचं काशिबा गुरवानं, चोखामेळ्याचं अनंतभट्टानं. आणि जनीचं लिहिणारा खुद्द पांडुरंग. म्हणजे बघा, मळा सोडून कधी कुठं न गेलेले सावतोबा आणि देवळात पाऊल ठेवायची मनाई असलेले चोखोबा, यांचे शब्द आपल्यापर्यंत आले त्यामागं शेजारी बसून लिहून घेणारा कुणीतरी होता असं ती परंपराच सांगते. एक गुरव माळ्याचं लिहून घेतोय, एक भट महाराचं लिहून घेतोय, तेही सातशे वर्षांपूर्वी. आणि पुढं मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा गेले तेव्हा नामदेव स्वतः तिथं जाऊन त्यांच्या अस्थी घेऊन आले आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी झाली. बरोबरच्या लिहिणाऱ्या माणसासाठी कुठवर जायचं असतं, ते नामदेवांकडनं शिकावं.

आणि हे सगळे एकमेकांना नुसती वाहवा करत होते का? तेरला गोरोबाकाकांच्या घरी सगळे जमले होते, काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून बघितलं कुणाचं मडकं पक्कं कुणाचं कच्चं, आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही कथा आपल्याकडं लहान पोरांनाही ठाऊक आहे. नामदेव चिडले. विठ्ठलाकडं तक्रार घेऊन गेले. विठ्ठलानं काही बाजू घेतली नाही, विसोबा खेचरांकडं जा म्हणून सांगितलं. मला या कथेत सगळ्यात काय आवडतं तर नामदेव गेले. रुसून घरी नाही बसले. आणि गोरोबाकाकांशी नातंही तुटलं नाही. तुझं अजून कच्चं आहे हे तोंडावर सांगणारं आणि तरीही तुला आपल्यातलाच मानणारं असं घर लिहिणाऱ्याला लागतंच, आणि ते घर आपल्याकडं फार जुनं आहे.

आमच्याकडंही एक जण असाच रागावून गेला. कवितेवर बोलणं झालं, त्याला लागलं, पुन्हा आला नाही. त्यानंतर आम्ही वाचायच्या आधी विचारायला लागलो की बाबा, तुला आज काय ऐकायचंय, भाषेबद्दल का गोष्टीच्या बांधणीबद्दल, का आज नुसतं वाचून मन मोकळं करायचंय. तिन्ही गोष्टींना जागा आहे. ज्याच्या घरी आजारपण चालू आहे आणि ज्यानं चार ओळी कशातरी लिहून आणल्यात त्याला त्या दिवशी शुद्धलेखन शिकवायचं नसतं.

जुन्या काळातली दुसरी उदाहरणंही आहेत. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ झालं, माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर रानडे, मनोरमाबाई रानडे ही मंडळी रविवारी चहाला जमायची आणि एकमेकांना कविता वाचून दाखवायची, मोठी मोठी नावं झाली ती नंतर. आपल्या अकलूजचे द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघं एकाच स्टेजवर बसून गावोगाव कथाकथन करायचे, तिघांची लिहायची तऱ्हा वेगळी, पण एकमेकांच्या कथेला तिघंही मनापासून दाद द्यायचे, हे आमच्या काकांनी तरुणपणी बघितलंय आणि अजून सांगताना त्यांचा चेहरा फुलतो.

पण इथं एक गोष्ट मी सद्गृहस्थांच्या बाजूनंही बोलेन. लेखकांच्या सभा नेहमीच सगळ्यांसाठी होत्या असं नाही. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी पहिली ग्रंथकार सभा भरवली. पुढं १८८५ च्या सभेचं बोलावणं महात्मा फुल्यांना आलं तेव्हा त्यांनी जायला साफ नकार दिला, पत्र लिहून कळवलं की तुमच्या सभा आणि तुमची पुस्तकं यांचा आमच्या लोकांच्या दुःखाशी मेळ बसत नाही. ते पत्र आजही प्रत्येक साहित्यिक गटानं अधनंमधनं वाचावं असं मला वाटतं. ज्यांना त्या सभांमध्ये आपली जागा दिसली नाही त्यांनी नंतर स्वतःच्या बैठका उभ्या केल्या. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, उद्घाटनाला अण्णा भाऊ साठे. औरंगाबादला गंगाधर पानतावणे सरांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक काढलं आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे भरवले, तिथं लिहिणारा आणि वाचणारा एकाच सतरंजीवर. आणि पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन कुठं झालं? १९९० साली, आपल्या सोलापुरात, फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारखी सोलापूरची माणसं त्या चळवळीत होती. आमच्यातल्या त्या उर्दू शाळेच्या मुलीला हे माहीतच नव्हतं. तिला वाटायचं आपण मराठीत लिहितो म्हणजे काहीतरी आगळंवेगळं करायलोय, घरचे पण विचारायचे मराठीत कशाला. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासनं हे चालू आहे, इथंच?" त्या आठवड्यात तिनं जी कविता आणली ती तिची आतापर्यंतची सगळ्यात चांगली.

अखिल भारतीय संमेलनं आपल्याकडं झाली, १९४१ ला वि. स. खांडेकर अध्यक्ष होते, २००६ ला सोलापुरातच जन्मलेले मारुती चितमपल्ली. अभिमान आहेच. पण मांडव तीन दिवसांत उतरतो, आणि लिहिणारा चौथ्या दिवशी परत आपल्या वहीपाशी एकटा. मला चौथ्या दिवसाबद्दल बोलायचंय.

आता पैशाचं. हे लिहिलंच पाहिजे कारण नवीन पोरं फसायलीत. आमच्यात नंतर आलेल्या एकानं आमच्याकडं यायच्या आधी एका प्रकाशकाला स्वतःच्या खिशातनं पैसे दिले, ५०० प्रती छापल्या म्हणे, त्या सगळ्या गठ्ठे बांधून त्याच्या कॉटखाली पडल्यात, दुकानात एकही गेली नाही, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा जो ओळख नंबर असतो त्याचे पैसे घेतले ते वेगळेच. हे एकट्या माणसाचंच होतं, कारण विचारायला कुणी नसतं आणि पुस्तक निघतंय या आनंदात तो सही करून मोकळा होतो. आज आमच्या बैठकीत कुणाला असा फोन आला की आधी कागद सगळ्यांसमोर येतो. आयएसबीएन आपल्याकडं राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडनं फुकट मिळतो, लेखक स्वतःसुद्धा अर्ज करू शकतो, हे आता आमच्यात सगळ्यांना पाठ आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क तो जिवंत असेपर्यंत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं राहतो. करारात हक्क किती वर्षांसाठी दिला ते लिहिलं नसेल तर तो ५ वर्षांचाच धरला जातो, म्हणून कायमचे हक्क दिले असं बारीक अक्षरात कुठं लिहिलंय का ते आधी बघायचं, रॉयल्टी किती आणि हिशोब कधी देणार ते लिहून घ्यायचं, प्रती किती छापणार आणि लेखकाला किती मिळणार तेही. पतसंस्थेत कर्जाचे कागद बघून बघून मला ही सवय आहे, ती इथं कामाला येते. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी आहे, दिवाळी अंकांना मजकूर कितीतरी महिने आधी द्यावा लागतो, या गोष्टी कुठल्याही शाळा-कॉलेजात कुणी सांगत नाही. एकाला कळल्या की बाकीच्यांना सांगतो, बस्स.

आणि नकार. पूर्वी निदान 'साभार परत' असं लिहिलेलं पाकीट यायचं, आता काहीच येत नाही, पाठवलं ते पोचलं का हेसुद्धा कळत नाही. अशा वेळी दहावेळा मोबाईल बघत बसण्यापेक्षा रविवारी जाऊन माझंही आलं नाही असं म्हणणारी दोन माणसं भेटली की पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहायचं बळ येतं. माझी अम्मा गेली तेव्हा मी लिहिणं सोडलं होतं, विड्यांच्या गोष्टी ज्या तिच्या तोंडच्या त्या आता कुणासाठी लिहू असं झालं होतं. बैठकीतली सगळी घरी आली. लिहायला लागा असं कुणी म्हटलं नाही. शिक्षिका बाई भाकरी आणि शेंगाचटणी करून घेऊन आल्या, काका नुसते बसून राहिले, कुंभारीच्या बाई अम्माच्याच वयाच्या, त्यांनी माझा हात धरून अम्माला ज्या माहीत असतील अशी चार गाणी हळू आवाजात म्हटली. पुढं कितीतरी दिवसांनी मी परत वही उघडली. नात्यातली माणसं दुःखाला येतात तशीच ही आली होती, फरक एवढाच की माझं काय थांबलंय ते यांना न सांगता माहीत होतं.

बायकांचं अजून एक. साहित्याचे कार्यक्रम बहुतेक संध्याकाळी सहानंतर, हुतात्मा स्मृती मंदिरात नाहीतर फडकुले सभागृहात. त्या वेळेला घरचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आणि कुंभारीसारख्या लांबच्या वसाहतीत परत जायला वाहन मिळत नाही. म्हणून आम्ही सकाळची वेळ ठेवली, आणि लहान मूल घेऊन आलं तरी चालतं, एक जण पोराला बाहेर फिरवतो तोवर आई वाचते. एवढं साधं केलं तरी बायका येतात. ज्या गटात बायका दिसत नाहीत त्यांनी आधी आपली वेळ बघावी.

तर आता मागणी. आम्हाला शाल-श्रीफळ नको, सत्कार नको, मोठं सभागृहही नको, त्याचं भाडं आठ-दहा माणसांच्या खिशाला झेपणारं नाही आणि एवढी जागा लागतही नाही. एक खोली हवी, पंखा, सतरंजी, आणि रविवारी सकाळचे दोन-अडीच तास. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान मिळणारी वाचनालयं आपल्या शहरात आणि जिल्ह्यात गावोगावी आहेत, अ वर्गापासनं ड वर्गापर्यंत. पुस्तकं ठेवायची जागा आहे तिथंच पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही बसू द्या, भाडं न घेता, अनामत न घेता. अहिल्यादेवी होळकर विद्यापीठानं आणि कॉलेजच्या मराठी विभागांनी सुट्टीच्या दिवशी एखादा वर्ग उघडा ठेवावा, ज्याचं कॉलेजशी काही नातं नाही अशा विडी कामगार बाईलाही वॉचमननं आत सोडावं. ज्येष्ठ लेखकांनी महिन्यातनं एकदा स्टेज आणि हार सोडून आमच्यात येऊन बसावं, भाषण करू नये, ऐकावं आणि कागदावर पेन्सिल चालवावी. महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या इथल्या शाखांनी तालुक्यातल्या लिहिणाऱ्यांना एकमेकांशी जोडून द्यावं, करमाळ्याच्या पोराला बार्शीत किंवा माढ्यात आपल्यासारखा कोण आहे ते कळलं तरी पुष्कळ.

आणि संपादक महोदय, तुमच्याकडं एकच मागणी. रविवारच्या पुरवणीत दोन बोटांची जागा द्या. त्यात सोलापूर, पंढरपूर, बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट, सांगोला, जिथं जिथं अशी बैठक भरते तिथला वार, वेळ आणि ठिकाण छापा, प्रवेश फी नाही आणि जात-धर्म-भाषा विचारली जात नाही असं जे गट लिहून देतील त्यांचंच छापा. महिन्यातनं एकदा अशा एखाद्या बैठकीतली एक गोष्ट किंवा कविता घ्या. पहिल्यांदा घ्यायची तर त्या पिशवीची गोष्ट आम्ही पाठवू, टाइप करून ठेवलीय. जागेबद्दल कुणा वाचनालयाच्या संचालकांना काही कळवायचं असेल तर ते आपल्या कार्यालयाकडं कळवावं, मी दर सोमवारी लंच टाइममध्ये येऊन विचारून जाईन. पूर्व भागात, अशोक चौकाच्या आसपास जागा मिळाली तर कुंभारीच्या बाईंचं एक वाहन बदलायचं वाचेल.

आपली,
एक वाचक आणि लिहिणारी,
पूर्व भाग, सोलापूर